शिकणारी आखेनला, नवरा साताऱ्यात: नऊ रात्रींची युरोपवारी कशी आखावी

माझं माहेर सांगली, सासर सातारा, आणि मास्टर्सचं शिक्षण झालं जर्मनीतल्या आखेनला. त्या काळात नवरा साताऱ्यात नोकरी सांभाळत होता. आता आमच्यासारखी जोडपी आपल्याकडे बरीच दिसतात. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकीतून, कराडच्या शासकीय अभियांत्रिकीतून बाहेर पडलेली मुलंमुली जर्मनीला जातात आणि लग्न झालेलं असेल तर जोडीदार मागे राहतो. मग कधीतरी आठवडा-दीड आठवड्याची रजा जुळते आणि घरात एकच प्रश्न सुरू होतो: एवढ्या दिवसांत काय काय बघून होईल?

माझा आग्रह असा की देश मोजू नयेत, तास मोजावेत. एका दारातून निघून दुसऱ्या दारात पोचेपर्यंत किती वेळ जातो, ते प्रत्येक टप्प्यासाठी लिहून काढा. रेल्वेचे दोन तास कागदावर दोनच दिसतात. प्रत्यक्षात आवरणं, स्टेशन गाठणं, उतरल्यावर खोली शोधणं धरून अर्धा दिवस जातो. महिनोन्‌महिने व्हिडिओ कॉलवर काढलेल्या दोघांसाठी तो अर्धा दिवस फार मोठा असतो. सहल धावती असायला काहीच हरकत नाही. परत कधी जमेल याची खात्री नसताना पॅरिस बघून घ्यावंसं वाटणं रास्तच आहे. धावायचं कुठे आणि थांबायचं कुठे, हे मात्र निघण्याआधी ठरलेलं हवं.

खालचा आराखडा आखेन, ॲमस्टरडॅम, पॅरिस असा आहे. तुमचं विद्यापीठ दुसऱ्या शहरात असेल तर शहरांची नावं बदलतील, पद्धत हीच चालेल.

तारखा

जर्मन विद्यापीठांत हिवाळी सत्राची व्याख्यानं ऑक्टोबर ते फेब्रुवारीची सुरुवात अशी चालतात आणि उन्हाळी सत्राची एप्रिल ते जुलै. मधल्या महिन्यांत तास नसतात, परीक्षा मात्र असतात. शेवटचा पेपर झाल्यावर निदान दोन दिवस सोडून जोडीदाराचं विमान धरा. पेपरच्या आदल्या रात्री कोणीच कोणाला युरोप दाखवू शकत नाही.

उजेडाचा हिशेबही करा. जूनमध्ये पॅरिसला रात्री पावणेदहापर्यंत लख्ख दिसतं, डिसेंबरमध्ये पाचलाच अंधारून येतं. म्हणजे उन्हाळ्यातल्या एका दिवसात फिरायला जवळजवळ दीड दिवस मिळतो. नाताळचे बाजार सुंदर असतात, पण धावत्या सहलीसाठी मी मे, जून किंवा सप्टेंबर सुचवीन. फक्त ट्युलिपच बघायचे असतील तर नेदरलँड्समधली क्यूकेनहोफची बाग मार्चच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत उघडी असते. तेवढ्यासाठी एप्रिल धरा.

विमान गुरुवारी मध्यरात्रीनंतरचं घ्या, म्हणजे शुक्रवारी जर्मनीत. परतीचं पुढच्या रविवारचं. यात रजेचे सहा-सात दिवस जातात आणि नऊ रात्री हातात येतात. शुक्रवारीच का, ते पॅरिसच्या भागात कळेल.

व्हिसा: साताऱ्यात बसून करायची तयारी

येणाऱ्या जोडीदाराला शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे जर्मनी, नेदरलँड्स, फ्रान्स अशा युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ते ४५ पर्यंत जाऊ शकतात. म्हणून दोन-अडीच महिने आधी अर्ज आत गेलेला बरा. जून २०२४ पासून प्रौढांची फी ९० युरो आहे, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. जर्मनीसाठी मुंबईला जायची गरज नाही, पुण्यात व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या व्हीएफएस कंपनीच्या केंद्रात बोटांचे ठसे आणि कागद देता येतात. वेळ सकाळची मिळाली तर आदल्या रात्रीच पुण्यात मुक्कामाला जा. खंबाटकीत कोंडी झाली की घड्याळ कोणाचंच ऐकत नाही.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा याचा नियम साधा आहे: ज्या देशात सर्वात जास्त मुक्काम, त्याच्याकडे. मुक्काम सारखे असतील तर जिथे पहिल्यांदा पाऊल ठेवणार, त्याच्याकडे. आपल्या आराखड्यात आखेनला चार रात्री, पॅरिसला तीन आणि ॲमस्टरडॅमला दोन आहेत, म्हणून अर्ज जर्मनीकडे. पुढे बेत बदलताना हे प्रमाण उलटू देऊ नका.

कागद दोन गावांत जमा होतात. शिकणाऱ्याने पाठवायचे असतात: पासपोर्ट आणि निवास परवान्याच्या कार्डाची प्रत, विद्यापीठात प्रवेश असल्याचं प्रमाणपत्र, पत्त्याच्या नोंदणीचा दाखला, खोलीचा करार आणि निमंत्रणपत्र. निमंत्रणात तारखा, नातं, राहण्याची जागा आणि खर्च कोण करणार, हे स्पष्ट लिहा. वसतिगृहाच्या करारात पाहुण्यांबद्दल काय म्हटलंय तेही आधी वाचा.

जर्मनीत हमीपत्राचा एक औपचारिक प्रकार असतो, ‘फेरफ्लिश्टुंग्सएरक्लेरुंग’. पाहुण्याचा सगळा खर्च मी करीन, असं त्यात सरकारी कार्यालयापुढे लिहून द्यावं लागतं आणि त्यासाठी उत्पन्न दाखवावं लागतं. ब्लॉक खात्यावर, म्हणजे आधी पैसे भरून ठेवून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यावर, जगणाऱ्या विद्यार्थ्याला ते सहसा जमत नाही. तिथे वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो, एका माणसाच्या खर्चासाठीच धरलेले असतात. त्यामुळे खर्चाची बाजू येणाऱ्याने स्वतःच्या खात्यावर उभी करणं हाच सरळ मार्ग.

नोकरी असेल तर पगारपत्रकं, बँकेचा उतारा, आयकर विवरण आणि रजा मंजुरीचं पत्र द्यायचं. नोकरीवर परत रुजू होण्याची तारीख पत्रात असेल तर उत्तम. घरचं दुकान किंवा हळदीचा व्यापार असेल तर जीएसटी नोंदणी आणि विवरणपत्रं. शेतीवर घर चालत असेल तर सातबारा आणि आठ-अ यांचं इंग्रजी भाषांतर करून जोडा, आणि कारखान्याकडून आलेल्या ऊसबिलाच्या किंवा बेदाण्याच्या पट्टीच्या नोंदी बँकेच्या उताऱ्यावर दाखवून द्या. आपल्याकडचं उत्पन्न हप्त्याहप्त्याने आणि हंगामात येतं, हे मुंबईत बसलेल्या परदेशी अधिकाऱ्याला आपोआप कळत नाही. सोबतच्या पत्रात दोन ओळींत ते समजावून सांगा. अर्जाच्या तोंडावर सासऱ्यांनी किंवा भावाने खात्यात एकदम मोठी रक्कम टाकू नये. मदतच असेल तर देणाऱ्याचं पत्र आणि त्याच्या खात्याचा उतारा जोडावा.

लग्नाचा दाखला हा या अर्जाचा कणा. ग्रामपंचायतीचा किंवा पालिकेचा दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर हवं. लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव वेगवेगळ्या कागदांवर असेल तर त्याचाही उलगडा पत्रात करा. लग्न ठरलंय पण झालेलं नाही, अशा जोडप्यांनी अर्ज सरळ पर्यटक म्हणून करावा. मग हॉटेलांची आरक्षणं आणि स्वतःची आर्थिक बाजू यांवरच भर येतो.

उरलेलं पटकन सांगते. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांना लागू. पासपोर्ट परतीनंतर निदान तीन महिने चालणारा, गेल्या दहा वर्षांत काढलेला आणि दोन पानं कोरी. विमानाचं आरक्षण दाखवा, पण व्हिसा हातात पडेपर्यंत परतावा न मिळणारं तिकीट काढू नका.

शिकणाऱ्यालाही कागद लागतात, हे विसरायला होतं. जर्मनीचा निवास परवाना असला की इतर शेंगेन देशांत वेगळा व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही मूळ स्वरूपात जवळ हवीत. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली, आणि बसमध्ये शिरून पोलिस कागद बघतात. कार्डाचं नूतनीकरण चालू असून हातात फक्त तात्पुरता कागद असेल तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयात विचारल्याशिवाय जर्मनीबाहेर पडू नका.

मार्ग: एका रेषेत जा, मागे फिरू नका

धावत्या सहलीत सर्वात जास्त वेळ वाया जातो तो निघालेल्या ठिकाणी परत येण्यात. म्हणून विमानाचं तिकीट मुंबई ते फ्रँकफर्ट आणि पॅरिस ते मुंबई असं काढा. विमान कंपन्यांच्या संकेतस्थळांवर ‘मल्टी सिटी’ पर्याय असतो. पुष्कळदा दर साध्या जाण्यायेण्याच्या तिकिटाच्या आसपासच पडतो, आणि थोडा जास्त पडला तरी वाचलेला दिवस त्याहून मोलाचा.

साताऱ्याहून मुंबई गाठायला महालक्ष्मी एक्सप्रेस सोयीची. सांगली, कराड, सातारा करत रात्रभर जाते आणि सकाळी मुंबईत पोचवते. पण तुमचं विमान मध्यरात्रीनंतरचं असेल तर सकाळी-दुपारी रस्त्यानेच निघा आणि पुण्यात जेवणाचा थांबा धरूनही चार तास जास्तीचे हाताशी ठेवा.

फ्रँकफर्ट विमानतळाच्या इमारतीलाच लांब पल्ल्याचं रेल्वे स्टेशन जोडलेलं आहे. फ्रँकफर्टहून ब्रसेल्सला जाणारी आयसीई ही वेगवान गाडी कोलोन करत थेट आखेनला थांबते. तिचं स्वस्त तिकीट एकाच ठरावीक गाडीला बांधलेलं असतं. विमान उशिरा आलं तर ते वाया जातं, म्हणून उतरण्याची वेळ आणि गाडी यांत निदान तीन तास सोडा. उलट रेल्वेच उशिरा असेल तर कायदा तुमच्या बाजूने आहे. पोचायला २० मिनिटं किंवा त्याहून जास्त उशीर होणार असं दिसलं की गाडीचं बंधन सुटतं. ६० मिनिटांच्या उशिराला भाड्याचे २५ टक्के आणि १२० मिनिटांच्या उशिराला ५० टक्के परत मिळतात.

स्वित्झर्लंडचा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. माझं मत पक्कं आहे: या नऊ रात्रींत स्वित्झर्लंड बसत नाही. आखेनहून इंटरलाकेनला जायला जवळपास अख्खा दिवस जातो, यायला दुसरा. तिथलं बर्फाचं प्रसिद्ध ठिकाण युंगफ्राउयोख ३,४५४ मीटरवर आहे, आणि तिथलं तिकीट महाग असून ढग आले तर समोर फक्त पांढरं दिसतं. हवेसाठी एक दिवस राखीव ठेवता येत नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. बर्फच हवा असेल तर पॅरिस आणि ॲमस्टरडॅम दोन्ही सोडा आणि पाच रात्री तिकडेच काढा. मग जास्त मुक्काम तिकडे होतो, म्हणून वरच्या नियमाने अर्जही स्वित्झर्लंडकडे.

स्वस्त विमानांचंही तसंच. पॅरिस म्हणून विकलं जाणारं बोवे विमानतळ शहरापासून ८० किलोमीटरहून लांब आहे, आणि फ्रँकफर्ट-हान तर फ्रँकफर्टपासून शंभरावर किलोमीटर. बसभाडं, बॅगेचे पैसे आणि गेलेले तास मिळवले की या टापूत रेल्वेच बरी पडते.

शुक्रवार ते सोमवार: आखेन

पहिला दिवस उतरण्याचा. उन्हाळ्यात भारताचं घड्याळ साडेतीन तास पुढे असतं, हिवाळ्यात साडेचार, त्यामुळे साताऱ्याहून आलेल्या माणसाला संध्याकाळी सातलाच डोळे उघडे ठेवणं जड जातं. त्या दिवशी एकही तिकीट काढू नका. खोलीवर वरणभात आणि मग गावातून सावकाश एक फेरी, बस.

शनिवार पूर्णपणे शिकणाऱ्याच्या जगासाठी ठेवा. हा दिवस बहुतेक आराखड्यांत नसतो आणि मला तो सर्वात महत्त्वाचा वाटतो. व्हिडिओ कॉलमध्ये मागे दिसणारी खिडकी, सामायिक स्वयंपाकघरातलं आपल्या डब्यांचं कपाट, प्रयोगशाळेची इमारत, रोजचा बसथांबा हे सगळं जोडीदाराने एकदा डोळ्यांनी बघितलं की परत गेल्यावरही फोनवरचं बोलणं बदलतं. आमच्यात बदललं. “आज लॅबमध्ये उशीर झाला” या वाक्यामागची वाट आता नवऱ्याच्या पायांनाही माहीत होती.

आखेनचं कॅथेड्रल छोटं पण फार जुनं. मधला अष्टकोनी भाग सम्राट शार्लमेनने इ. स. ८००च्या सुमारास उभा केला. ९३६ ते १५३१ या काळात जर्मन राजांचे राज्याभिषेक इथे होत. १९७८ साली युनेस्कोने जागतिक वारशाची पहिली यादी केली, त्यात हे होतं. सिंहासन बघायचं असेल तर मार्गदर्शकासह फेरी घ्यावी लागते. जवळच एलिझेनब्रुनेनला गंधकाचं गरम पाणी वाहतं. वास उग्र असतो, पण आपल्याकडचे गरम पाण्याचे झरे पाहिलेल्यांना तो ओळखीचा वाटेल.

शनिवारी संध्याकाळपर्यंत रविवारचा किराणा भरा. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांवरची तेवढी उघडी मिळतात. रविवारी फाल्सच्या टेकडीवर जा. तिथे जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम यांच्या सीमा एका बिंदूत मिळतात. उंची ३२२ मीटर, पण नेदरलँड्सच्या मुख्य भूमीवर याहून उंच जागा नाही. अजिंक्यताऱ्यावर रोज चालायला जाणाऱ्या माणसाला चढ जाणवणारही नाही. जंगलातली पायवाट मात्र सुरेख आहे आणि खर्च जवळपास शून्य.

सोमवारी कोलोन. आखेनहून प्रादेशिक गाडीने तासाभरात पोचता, आणि स्टेशनातून बाहेर पाऊल टाकलं की कॅथेड्रल समोर उभं असतं. १२४८ मध्ये बांधकाम सुरू झालं, १८८० मध्ये पूर्ण झालं, उंची १५७ मीटर. मनोऱ्यावर ५३३ पायऱ्या चढून जाता येतं, लिफ्ट नाही. मग होहेनझोलर्न पुलावरून ऱ्हाईन नदी ओलांडा. कठड्याला जोडप्यांनी लावलेली हजारो कुलपं दिसतात. पुलाच्या पलीकडच्या काठावर बसून जेवा, समोर नदी आणि कॅथेड्रल दोन्ही असतात.

तिकिटाबद्दल: शिकणाऱ्याकडे बहुधा सत्राचं तिकीट असतं आणि त्यावर प्रादेशिक गाड्या, बस, ट्राम चालतात. येणाऱ्यासाठी ‘डॉइचलांड टिकेट’ घ्यावं का, असं सगळे विचारतात. ते २०२६ पासून महिन्याला ६३ युरो आहे, आयसीईवर चालत नाही, आणि वर्गणी असल्यामुळे त्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचेही पैसे जातात. चार दिवसांसाठी मी ते घेणार नाही. राज्यापुरतं मिळणारं एका दिवसाचं तिकीट कोलोनच्या फेरीला पुरतं.

मंगळवार, बुधवार: ॲमस्टरडॅम

आखेनहून मास्ट्रिख्तमार्गे साडेतीन-चार तास. सकाळी आठला निघा. ॲमस्टरडॅममधली हॉटेलं महाग आहेत आणि त्यांवर शहराचा साडेबारा टक्के पर्यटन कर लागतो. हार्लेममध्ये खोली घ्या. रेल्वेने वीस मिनिटांच्या आत शहरात येता, आणि हार्लेम स्वतःच एक देखणं जुनं गाव आहे. नेदरलँड्समध्ये बँकेचं कार्ड यंत्रावर टेकवून गाडीत चढता येतं. उतरल्यावर पुन्हा टेकवायचं, नाहीतर जास्त पैसे कापले जातात. दोघांना दोन वेगळी कार्डं लागतात.

मंगळवारी दुपारी पायी कालवे बघा. सतराव्या शतकातला कालव्यांचा हा पट्टा २०१० पासून जागतिक वारशात आहे. लाल रंगाचा रस्ता सायकलींचा असतो. फोटो काढताना त्यावर उभं राहू नका, सायकली वेगात येतात आणि थांबत नाहीत. बुधवारी सकाळी रेम्ब्रांटचं १६४२ सालचं ‘नाइट वॉच’ बघायला राइक्सम्युझियम. नऊला दार उघडतं तेव्हाच आत शिरलात तर चित्रापुढे शांतपणे उभं राहता येतं. दुपारी रेल्वेने झान्स स्खान्सच्या पवनचक्क्या, जेमतेम वीस मिनिटं.

ॲन फ्रँकचं घर बघायची इच्छा असेल तर तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात. दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखा खुल्या होतात आणि झपाट्याने संपतात. त्यासाठी फोनमध्ये गजर लावून ठेवा आणि बुधवारचा बाकी बेत त्या वेळेभोवती बसवा.

गुरुवार ते शनिवार: पॅरिस

ॲमस्टरडॅमहून युरोस्टार ही वेगवान गाडी साडेतीन तासांच्या आत पॅरिसच्या गार द्यु नॉर स्टेशनला आणते. हे तिकीट जितकं उशिरा तितकं महाग, म्हणून व्हिसा मिळाला की त्याच दिवशी काढा.

आता शुक्रवारी उतरण्याचं कारण. पॅरिसची मोठी संग्रहालयं वेगवेगळ्या वारी बंद असतात: लूव्र मंगळवारी, ओर्से आणि व्हर्साय सोमवारी. उलट ओर्से गुरुवारी रात्री पावणेदहापर्यंत उघडं असतं, आणि लूव्र बुधवारी व शुक्रवारी रात्री नऊपर्यंत. म्हणजे गुरुवारी दुपारी पोचून संध्याकाळी ओर्से, शुक्रवारी दिवसभर बाहेर फिरून संध्याकाळी लूव्र. संध्याकाळी सहली पांगलेल्या असतात आणि मोनालिसापुढची गर्दीही ओसरते. दिवसाचा उजेड रस्त्यांसाठी मोकळा राहतो.

शिकणारा २६ वर्षांच्या आतला असेल आणि युरोपीय संघातल्या देशाचा निवास परवाना असेल तर लूव्र, ओर्से, व्हर्साय अशा राष्ट्रीय संग्रहालयांत त्याला प्रवेश विनामूल्य आहे. कार्ड दाखवावं लागतं. लूव्रसाठी शून्य रकमेचं का होईना, वेळेचं आरक्षण करून जा. साताऱ्याहून आलेल्याला पूर्ण तिकीट पडतं.

शुक्रवारी सकाळी लवकर नोत्र दाम. २०१९ च्या आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा उघडलं, आत जायला पैसे लागत नाहीत. तिथून सेन नदीच्या काठाने चालत राहा. शनिवारी मोंमार्त्रची टेकडी आणि संध्याकाळी आयफेल. ३३० मीटरचा हा मनोरा अंधार पडल्यावर दर तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटं लुकलुकतो, आणि ते नदीपलीकडच्या त्रोकादेरोच्या ओट्यावरून फुकट दिसतं. वर जायचंच असेल तर दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या आहेत, आणि पायऱ्यांचं तिकीट लिफ्टपेक्षा स्वस्त. सज्जनगड, प्रतापगड चढणाऱ्या पायांना ते सहज जमतं. व्हर्साय या खेपेला सोडा. त्याला अख्खा दिवस लागतो, आणि पॅरिसमध्ये पूर्ण दिवस दोनच मिळतात.

मेट्रोसाठी दोघांनी पैसे भरून वापरायचं वेगवेगळं नाविगो ईझी कार्ड घ्यायचं, एकावर दोघं जाऊ शकत नाहीत. विमानतळाचं तिकीट वेगळं असतं. पाकीटमार आयफेलखाली आणि मेट्रोत असतात. सह्या मागणारे, अंगठी सापडल्याचं सांगणारे कोणीही जवळ आले तर न थांबता पुढे चला. पाठीवरची सॅक गर्दीत पोटावर घ्या. तातडीचा क्रमांक सगळीकडे ११२.

शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत. गार द्यु नॉरच्या मागे ला शापेलला श्रीलंकेतल्या तमिळ लोकांची खाणावळी-दुकानं आहेत, तिथे डोसा, भात, सांबार मिळतो. सार्वजनिक स्वच्छतागृहं पॅरिसच्या रस्त्यांवर फुकट आहेत. जर्मनीत स्टेशनवर पैसे पडतात, म्हणून गाडीतलं वापरून उतरावं. नळाचं पाणी तिन्ही देशांत पिता येतं. जर्मनीत प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की परत मिळते.

सामानात काय न्यावं

सासूबाई पेढ्यांचा डबा भरून ठेवतात, आणि इथेच अडतं. भारतातून युरोपीय संघात येताना सामानात दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे. खवा, तूप त्यातच येतात, म्हणून साताऱ्याचे कंदी पेढे घरीच राहू द्या. आंबे आणि ताजा कढीपत्ताही नको. सांगलीचं भडंग, तासगावचे बेदाणे, शेंगदाण्याची चटणी, हळद, भाजलेली पिठं हे सगळं पॅकबंद आणि नाव लिहून न्या. भडंगाची एक पिशवी कायम हातातल्या बॅगेत ठेवा. प्रवासातले निम्मे वाद भुकेतून होतात. गाडी चुकली, हॉटेल सापडेना, त्यात पोट रिकामं, मग साध्या बोलण्यालाही धार येते. दोन मुठी भडंग खाऊन मग नकाशा उघडा.

कपड्यांसाठी एकेकाला एकच छोटी बॅग. ॲमस्टरडॅमचे जिने उभे आणि अरुंद असतात, आणि तिथल्या जुन्या इमारतींत लिफ्ट क्वचितच. आखेनला चार रात्री असल्याने कपडे तिथेच धुऊन पुढे निघता येतं.

पैशाचं थोडक्यात: भारतीय कार्डांवर परदेशी व्यवहार आणि टेकवून पैसे देण्याची सोय आपण होऊन चालू करावी लागते. ते निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये करून घ्या. दोन कार्डं दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा आणि थोडे रोख युरो जवळ असू द्या, जर्मनीतल्या लहान बेकऱ्यांत लागतात. शिकणाऱ्याच्या महिन्याच्या ९९२ युरोंतून सहलीचा खर्च काढू नका. ते भाडं, विमा आणि जेवणासाठीच जेमतेम पुरतात. सहलीसाठी वेगळी रक्कम भारतातून ठरवा आणि ती दोघांच्या नावाने खर्च करा. कोण पाहुणा, कोण यजमान असा हिशेब नवराबायकोत नको.

दोघांसाठी

शिकणाऱ्याला तिथली सवय झालेली असते. पाय झपझप पडतात, तिकीट यंत्र डोळे झाकून वापरलं जातं, आणि जोडीदार मागेमागे चालणारा होऊन बसतो. हे टाळायला एक शहर पूर्णपणे त्याच्या किंवा तिच्या हाती द्या. आमच्याकडे पॅरिस नवऱ्याने आखलं. त्याने साताऱ्यातच बसून नकाशे बघितले होते आणि तिथे पोचल्यावर रस्ता दाखवायचं काम त्याचं होतं. तो रमला आणि मला काही दिवस कशाचाच विचार करावा लागला नाही.

रोज एकच तिकिटाची, वेळ ठरलेली गोष्ट ठेवा. दुसरी ठेवली की पहिली बघताना डोळा घड्याळावर जातो. घरच्यांशी बोलायची वेळही ठरवून टाका. उन्हाळ्यात तिथल्या दुपारी साडेतीनला साताऱ्यात संध्याकाळचे सात वाजलेले असतात, देवापाशी दिवा लागलेला असतो. दहा मिनिटं सगळ्यांना दाखवा, बोला, आणि मग फोन बॅगेत टाका. शेवटची संध्याकाळ कुठल्याही यादीत घालू नका. दोघांनी बसून पुढचं सत्र, पुढची रजा, नोकरी कुठे करायची, हे समोरासमोर बोलायला तेवढा वेळ लागतोच, आणि फोनवर ते नीट बोलता येत नाही.

परतताना

रविवारी गार द्यु नॉरवरून दोघं दोन दिशांना जाता. एकीकडे आरईआर बी ही उपनगरी गाडी शार्ल द गोल विमानतळाला, दुसरीकडे युरोस्टार आखेनला. शिकणाऱ्याने आपली गाडी नंतरची काढावी आणि शक्य असेल तर विमानतळापर्यंत सोडायला जावं.

विमानतळावर निदान तीन तास आधी पोचा. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने येणाजाण्याच्या नोंदीची नवी संगणकीय व्यवस्था सुरू केली आहे. अल्पकाळासाठी आलेल्यांचे फोटो आणि बोटांचे ठसे घेतले जातात, त्यामुळे रांगा लांबू शकतात. निवास परवाना असलेल्या विद्यार्थ्याला ती लागू नाही. खरेदी केली असेल तर कराचा परतावा फक्त युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्याला मिळतो, म्हणून मोठी वस्तू येणाऱ्याच्या पासपोर्टवर घ्या. जर्मनीत एका पावतीवर ५० युरोंहून आणि फ्रान्समध्ये १०० युरोंहून जास्त खरेदी लागते. बॅग सोपवण्याआधी सीमाशुल्काच्या खिडकीवर फॉर्मवर शिक्का घ्या.

साताऱ्यात पोचल्यावर बोर्डिंग पास, हॉटेलांच्या पावत्या, विम्याचा कागद आणि व्हिसाच्या पानाची प्रत एका फाइलमध्ये लावून ठेवा. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नियम सैल झाला आहे: मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून ते नियमाने वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा, कितीही वेळा जाता येईल असा व्हिसा मिळू शकतो. मास्टर्स दोन वर्षांचं असतं आणि पदवीनंतर नोकरी लागेपर्यंत आणखी काही काळ जातो, तेवढ्यात ही फाइल पुन्हा उघडावी लागतेच.